चार वर्षांच्या प्रेक्षकासाठीही लिहा : चित्रपट समीक्षकांना खुलं पत्र

चित्रपट समीक्षक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. नवा ॲनिमेशनपट लागला की सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांना न्यायला आलेले पालक दारातच थांबून विचारतात, "बाई, आमच्या हिला नेऊ का?" मी तो पाहिलेला नसतो, म्हणून तुमची परीक्षणं शोधते. त्यांत कथासूत्र असतं, आवाज कुणी दिलेत ते असतं, पाण्याचे थेंब आणि प्राण्यांच्या अंगावरची लव किती खरी वाटते याचं कौतुक असतं, उत्तरार्धात सिनेमा रेंगाळतो का हेही असतं. शेवटी साडेतीन स्टार आणि 'सहकुटुंब पाहावा'. दारात उभ्या असलेल्या त्या आईला यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

मला तुमच्याकडून निकाल नको आहे. अमुक वयाला चालेल, तमुक वयाला चालणार नाही, हे तुम्ही परस्पर ठरवू नका, कारण ती मुलगी तुम्हाला माहीत नाही. तिच्या आईला ती पुरती माहीत आहे. आईला माहीत नाही ते एवढंच, की पडद्यावर काय आहे, आणि ते तुम्ही पाहून आलेले असता. तेव्हा काय दिसतं, काय ऐकू येतं, किती वेळ चालतं आणि कशाने निवळतं, तेवढं सांगा. माझं मागणं इतकंच आहे. ते का, आणि कोणकोणत्या गोष्टींबद्दल, हे जरा सविस्तर लिहिते.

प्रमाणपत्र असतंच की, असं तुमच्यातले काही म्हणतील. प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे वयोगट नीट पाहा. जर्मनीत ०, ६, १२, १६ आणि १८ असे टप्पे आहेत. स्वीडनमध्ये सर्वांसाठी, आणि मग ७, ११ व १५. भारतात २०२४ च्या नियमांनी 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे तीन भाग केले. अमेरिकेतल्या 'पीजी'ला वयाचा आकडाच नाही. काही भाग लहानांना योग्य नसेल, पालकांनी बघून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे सहा-सात वर्षांखालची सगळी मुलं बहुतेक ठिकाणी एकाच गटात. ज्या वयात सहा महिन्यांत मूल बदलून जातं, नेमक्या त्याच वयाला टप्पे नाहीत. ब्रिटनचं मंडळ निदान स्पष्ट सांगतं, की त्यांचं 'यू' चार वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे आणि एखाद्या विशिष्ट मुलाला काय अस्वस्थ करेल हे आधी सांगणं अशक्य आहे. नेदरलँड्समध्ये २००१ पासून वयाच्या आकड्याबरोबर चित्रखुणाही देतात : मारामारीसाठी मूठ, भीतीसाठी कोळी. कोळी दिसला की पालक सावध होतात, हे चांगलंच. पण तो कोळी म्हणजे अंधारी गुहा, की आईचा मृत्यू, की अचानक अंगावर येणारा पक्षी, हे त्या खुणेत मावत नाही. तिथून पुढचं काम तुमचं.

लहान मुलं कशाला घाबरतात याचा आपला, मोठ्यांचा, अंदाज फार वेळा फसतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी आणि सिंथिया हॉफनर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मुलांना एका म्हातारीची गोष्ट दाखवली होती. काहींना ती आजीसारखी मायाळू दिसणारी दाखवली, काहींना भेसूर. काहींना ती दयाळूपणे वागताना दिसली, काहींना दुष्टपणे. मोठी मुलं तिच्या वागण्यावरून तिला जोखत होती. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर मात्र तिच्या दिसण्याचा पगडा कितीतरी जास्त होता. म्हणून 'बाहेरून अक्राळविक्राळ पण मनाने हळवा राक्षस' असं तुम्ही कौतुकाने लिहिता, तेव्हा आठ वर्षांच्या मुलासाठी ते खरं असतं, पण चार वर्षांच्या मुलासाठी पहिलं अर्धं वाक्यच खरं असतं. राक्षसाचा हळवेपणा उमगेपर्यंत ते मूल खुर्चीखाली गेलेलं असतं.

याच कारणाने ओळखीचा चेहरा डोळ्यांदेखत बदलणं या वयाला फार जड जातं. चांगला माणूस शापाने पशू होतो, आईचे डोळे एकाएकी काळे होतात, बाहुली मान वळवून बघते. आपल्याला ती जादू वाटते, चित्रकाराचं कसब वाटतं. मुलाचा प्रश्न असतो की मघाचा तो चांगला माणूस गेला कुठे. परीक्षणात अशा रूपांतराचा उल्लेख आला तर तो दृश्यपरिणामांची वाहवा करायला येतो. तो एकदा या अंगानेही येऊ द्या.

आणि अशा वेळी "अगं, ते खोटं खोटं आहे" म्हणून भागत नाही. सात वर्षांच्या आतल्या मुलांना या समजुतीचा फारसा आधार वाटत नाही, असं कँटर यांच्या कामातून दिसतं. मांडीवर घेणं, हात धरणं, एखादी आवडती वस्तू जवळ असणं, तोंड फिरवून बसणं, याचाच उपयोग होतो. पण मांडीवर कधी घ्यायचं हे कळायला प्रसंग कुठे येणार ते आधी माहीत हवं. 'साधारण अर्ध्या तासानंतर, बोटीच्या प्रसंगात' एवढे चार शब्द लिहिलेत तरी पालकाचा हात वेळेवर पोचेल.

आता आवाजाबद्दल, कारण त्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. कधी मुलांच्या खेळाला जाऊन पडद्याऐवजी मुलांकडे बघत बसा. भीतीच्या प्रसंगात त्यांचे हात आधी कानांवर जातात. डोळे टक्क उघडे, कान घट्ट झाकलेले. पडद्यावर अजून काहीच घडलेलं नसतं. खर्जातली तंतुवाद्यं तेवढी सुरू झालेली असतात. मग संगीत थांबतं. खांदे कानांपर्यंत वर जातात, पाय खुर्चीवर घेतले जातात. आणि दार आपटतं. त्यानंतर जे दिसतं ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतं, मांजर असतं, मित्रच असतो. मोठे हसतात, आणि ते मूल मोठ्यांच्या तोंडाकडे बघत राहतं, हसायचं की रडायचं हे ठरवायला. चित्रपटगृहांच्या ध्वनिव्यवस्थेचं जे मानक आहे त्यात मुख्य ध्वनिक्षेपकांचा आवाज कमाल क्षणी १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. तोच सिनेमा घरी लहान पडद्यावर, आवाज कमी करून, दिवा लावून पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. 'हा आधी घरी दाखवावा' असं एखाद्या परीक्षणात वाचायला मिळालं तर मला मनापासून आनंद होईल.

मृत्यूबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण पालक सगळ्यांत जास्त तिथेच अडखळतात. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. १९३७ ते २०१३ या काळातले ४५ लोकप्रिय ॲनिमेशनपट त्याच त्या वर्षांतल्या मोठ्यांच्या ९० नाट्यप्रधान चित्रपटांशी ताडून पाहिले होते. महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरण्याची जोखीम मुलांच्या सिनेमांत सुमारे अडीच पट निघाली. मुख्य पात्राच्या आईवडिलांच्या बाबतीत ती सुमारे पाच पट होती. मोठ्यांसाठी काढलेल्या सिनेमांपेक्षा मुलांच्या सिनेमांत आईबाप जास्त मरतात.

हे सगळं काढून टाका, असं मी म्हणणार नाही. गोष्टीतल्या अनाथ पोराला वाट काढताना पाहून मुलाला बळ मिळतं, आणि ज्या मुलाच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याला तर अशा गोष्टीतून बोलायला तोंड फुटतं. मी ते पाहिलं आहे. पण प्रसंग कसा घेतलाय यावर सगळं अवलंबून असतं, आणि नेमकं तेच तुम्ही सांगत नाही. मृत्यू दिसतो की नुसता कळतो? मूल शेजारी असताना घडतो का? पिल्लू आईला हलवून उठवायला जातं का? त्यानंतर कुणीतरी त्याला जवळ घेतं का, आणि गोष्ट त्याला रडायला वेळ देते का? पुष्कळदा आई जाते आणि पुढच्याच दृश्यात एक विनोदी पात्र उड्या मारत येतं. मोठ्यांना हायसं वाटतं. मूल मात्र मागच्याच दृश्यात थांबलेलं असतं. मग उरलेला सिनेमाभर, खजिना सापडो की राज्य परत मिळो, शेजारून एकच प्रश्न येत राहतो : "पण त्याची आई कुठे गेली?" दोन दिवसांनी आंघोळीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि या वेळी 'त्याची' नसून 'तू' असते : "तू कुठे जाणार आहेस?" हे उत्तर द्यायची तयारी ज्या पालकाची आहे त्याने तो सिनेमा जरूर दाखवावा. तयारी करायला त्याला एक ओळ पुरते, ती तुमच्या परीक्षणातली.

'शेवट गोड आहे' हे वाक्य कृपा करून प्रशस्तिपत्र म्हणून वापरू नका. गोड शेवटाने मागची सगळी भीती धुऊन निघते, हा हिशेब आपल्या वयाचा आहे. चार वर्षांचं मूल शेवटापासून मागे जाऊन गोष्ट पुन्हा जुळवत नाही. त्याच्याजवळ चित्रं राहतात, आणि सगळ्यांत ठळक चित्र सगळ्यांत जास्त दिवस राहतं. शिवाय ज्याला मध्येच उठवून बाहेर न्यावं लागलं त्याच्यापुरता सिनेमा राक्षसाच्याच दृश्याला संपलेला असतो. त्याला पुढचा समेट कधी दिसतच नाही. मला वाटतं, शेवट कसा आहे यापेक्षा भीती आणि दिलासा यांच्यात किती अंतर आहे हे जास्त महत्त्वाचं. दोन मिनिटांत पिल्लू सापडलं तर मूल श्वास सोडतं आणि पुढच्या प्रसंगाला तयार होतं. पंचवीस मिनिटं ते एकटं, पावसात, हाका मारत फिरलं, तर पडद्यावर एक थेंब रक्त नसलं तरी ते सोसवत नाही. प्रमाणपत्राच्या तक्त्यात हे अंतर मोजायला रकाना नाही. तुम्ही घड्याळाकडे एकदा नजर टाकलीत की झालं.

मारामारीचं उलट आहे. तिच्याकडे आपण भीतीच्या नजरेने बघतो, पण विनोदी मारामारीला मुलं घाबरत नाहीत. उलट ती मारामारी उचलतात. 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये २००० साली आलेल्या एका पाहणीत १९३७ ते १९९९ या काळातले, सर्वांसाठी म्हणून 'जी' मिळालेले ७४ ॲनिमेशनपट तपासले होते. एकही हिंसेवाचून नव्हता, आणि दर सिनेमात सरासरी साडेनऊ मिनिटं हिंसा होती. डोक्यात हातोडा बसतो, पात्र चपटं होतं, पुन्हा फुगून उभं राहतं. सुट्टीनंतरच्या सकाळी आमच्या वर्गात मैत्री, त्याग, सत्य यांपैकी काही खेळलं जात नाही; खेळली जाते ती लाथ, आणि तीही त्याच आवाजासकट. म्हणून पात्रं वापरतात ती हत्यारं घरात सापडणारी आहेत का, उंचावरून उडी मारून कुणी सुखरूप उतरतं का, लपायला यंत्रात किंवा कपाटात शिरतं का, लागलं तर दुखतं असं दाखवलंय का, हे सांगा. तलवारींच्या मोठ्या लढाईपेक्षा मला खिडकीतून छत्री धरून मारलेल्या उडीची जास्त काळजी वाटते.

एका गोष्टीवर तुम्ही फार पूर्वीच लिहायला हवं होतं. खलनायकाच्या चेहऱ्यावर व्रण का असतो? तो लंगडा, कुबडा, एका डोळ्याने आंधळा का असतो? दिसण्यावरून माणूस ओळखण्याचं वय हेच आहे, हे वर सांगितलं. त्या वयाच्या मुलाला सिनेमामागून सिनेमा तेच शिकवतो, आणि मग भाजल्याचा डाग असलेलं मूल वर्गात आलं की बाकीची मागे सरकतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण दुष्टपणाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना पैसे देणार नाही. हा विषय प्रमाणपत्रवाल्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. समीक्षेच्या कक्षेत तो पुरेपूर येतो. लठ्ठ मुलावर किंवा अडखळत बोलणाऱ्यावर केलेले विनोदही याच पंक्तीतले.

झगमगाटाबद्दल थोडक्यात. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान उघडझापीने सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. ज्यांच्या घरी फेफऱ्याचा त्रास असलेलं मूल आहे त्यांना अशा दृश्यांचा इशारा हवाच. तसंच सिनेमाआधी दाखवलेल्या इतर सिनेमांच्या झलकी मोठ्या वयाच्या होत्या का, हेही नोंदवा. कित्येक मुलं मूळ सिनेमा सुरू होण्याआधीच घाबरलेली असतात.

वेग हाही एक मुद्दा आहे. २०११ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा ६० मुलांचा एक प्रयोग आला. चार वर्षांच्या मुलांनी नऊ मिनिटं वेगवान, अद्भुत घटनांनी खच्चून भरलेलं कार्टून पाहिलं, तर लगेच नंतर दिलेल्या, मनाला आवर घालावा लागणाऱ्या कामांत ती मागे पडली. चित्रं काढत बसलेल्या मुलांचं तसं झालं नाही. लहान प्रयोग आहे, आणि परिणाम लगेचचा मोजला आहे, तेव्हा त्यावरून मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण दीड तासाचा सिनेमा कुठे श्वास घेतो का, नुसतं झाडाकडे किंवा ढगाकडे बघत राहावं असं एखादं दृश्य त्यात आहे का, हे 'वेगवान कथानक' या स्तुतीच्या शेजारी लिहिलंत तर तो वेग कुणासाठी गुण आहे ते कळेल.

माझं हे सगळं वाचून मुलांना काचेच्या पेटीत ठेवायचं आहे की काय, असं कुणाला वाटेल. अजिबात नाही. काही मुलांना भीती आवडते. ती राक्षसाच्या दृश्याची वाट बघतात आणि 'परत लाव' म्हणतात. तीन वर्षांची एखादी चिमुरडी ज्यातून हसत बाहेर येते, त्याच सिनेमाने सहा वर्षांचा दांडगा मुलगा रात्रभर जागतो. म्हणूनच निकाल उपयोगाचा नाही आणि वर्णन उपयोगाचं आहे. नको त्या धास्तीने चांगले सिनेमे मुलांपासून हिरावले जाऊ नयेत, यासाठीही वर्णनच लागतं. नुसतं 'भीतीदायक दृश्यं आहेत' वाचून बरेच पालक तो सिनेमा कायमचा बाजूला टाकतात.

रहस्यभंग होईल, ही तुमची अडचण मला मान्य आहे. मोठ्यांच्या सिनेमात तो गुन्हाच. पण या वयाच्या मुलांना पुढे काय होणार हे माहीत असलं तर गोष्ट जास्त गोड लागते; तीच गोष्ट तीच पानं उलटत ती रोज ऐकतात आणि एक शब्द चुकला तर आपल्याला थांबवतात. तरीही परीक्षणाच्या मजकुरात नको असेल तर खाली वेगळी चौकट करा आणि वर लिहा, की यात कथा उघड केली आहे.

त्या चौकटीत काय असावं, याचा एक कल्पित नमुना देते :

"सुरुवातीच्या दहा मिनिटांत पिल्लाची आई पुरात वाहून जाते. ती जाताना दिसत नाही, हाका ऐकू येतात. पिल्लू साधारण सहा मिनिटं एकटं आहे, मग कासवीण त्याला पाठीवर घेते. आई परत येत नाही. शेवटी पिल्लू तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलतं. मध्यावर गुहेचा प्रसंग बराच लांब, अंधारा, वटवाघळं एकदम थेट समोर येतात, आवाज मोठा. कोल्ह्याचा चेहरा दोनदा बदलतो. मारामारी थोडी, पण पिल्लू धबधब्यावरून उडी मारतं आणि त्याला काहीच लागत नाही. कोल्ह्याच्या लंगडेपणावर दोन विनोद आहेत. झगमगाट नाही. उत्तरार्धात नदीकाठचं एक लांब शांत दृश्य फार सुंदर आहे. माझ्या खेळाला लहान मुलं गुहेच्या प्रसंगात रडली, पुराच्या प्रसंगात गप्प झाली."

एवढंच. कुठल्या वयाला चालेल याचा एकही शब्द यात नाही, तरी माझ्या दारातली आई हे वाचून मिनिटभरात ठरवू शकेल : नेऊ, किंवा पुढच्या वर्षी नेऊ, किंवा नेऊ पण गुहेच्या आधी पाणी प्यायला बाहेर काढू.

वरच्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य लिहिता यावं म्हणून एक विनंती अधिक आहे. मुलांचे सिनेमे तुम्ही पत्रकारांसाठी ठेवलेल्या खास खेळाला, मोठ्यांनी भरलेल्या सभागृहात पाहत असाल, तर त्याऐवजी पहिल्या दिवसाच्या सकाळच्या खेळाला जा. कडेची खुर्ची घ्या, म्हणजे पडदा आणि रांगेतली मुलं दोन्ही दिसतील. ही चौकट दर वेळी परीक्षणाखाली त्याच जागी छापा, पालकांना सवय होईल. आणि वाचणाऱ्या पालकांना मुलांचे प्रश्न तुम्हाला कळवायला सांगा, कारण आंघोळीच्या वेळी काय विचारलं गेलं हे तुम्हाला सकाळच्या खेळात दिसणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक बालशिक्षिका